बालीत नेमक्या न्येपीच्या दिवशी! तारखा बदलू का?

केळफूल | १६ जानेवारी २०२३
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि उत्तर जरा लवकर हवंय.
मार्चमध्ये बालीला चाललोय, १८ ते २६. मी, नवरा, लेक (वय ९) आणि सासूबाई (७१). तिकिटं झालीत, उबुदला एका घरगुती होमस्टेमध्ये दोन खोल्या घेतल्यात. काल तिथल्या बाईंचा मेसेज आला की २२ मार्चला न्येपी (त्यांचा मौनाचा दिवस) आहे, त्या दिवशी सकाळी ६ पासून दुसऱ्या दिवशी सकाळी ६ पर्यंत अंगणाबाहेर पाऊल टाकता येणार नाही, दिवे लावायचे नाहीत, आवाज नाही, चूल नाही, हे मान्य असेल तरच या, नाहीतर पैसे परत करते. ज्यांनी तिकिटं काढून दिली त्यांनी याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, याचा खूप राग आलाय.
त्यात कालनिर्णय उघडलं तर २२ मार्च म्हणजे आपला पाडवा. सासूबाईंचा लग्नापासून एकही पाडवा गुढीशिवाय गेलेला नाही. त्या काही बोलल्या नाहीत पण चेहरा पडला.
तर तारखा बदलू का? चार जणांचा बदलाचा खर्च बराच आहे. कोणी न्येपीला तिथे राहिलंय का?

पायवाट | १६ जानेवारी
बदलू नका. मी राहिलोय. सविस्तर रात्री लिहितो.

निशाचर | १६ जानेवारी
मी पण राहिलोय आणि मी म्हणेन बदला. २०१९ ला ७ मार्चला होती न्येपी, आम्ही कुताला हॉटेलात. आम्हाला आदल्या दिवशी कळलं. विमानतळ बंद, बंदर बंद, दुकानं बंद, मोबाईलचं नेट बंद. संध्याकाळी सगळे पडदे ओढून घ्यायला लावले, बाहेर उजेड दिसता कामा नये. मी समुद्रावर दहा मिनिटं जाऊन येतो म्हटलं तर फाटकावरच्या माणसाने हात जोडून परत पाठवलं. सात दिवसांच्या सुट्टीतला एक दिवस पैसे भरून खोलीत बसायचं? ९ वर्षांची मुलगी २४ तास काय करेल? बरेच पर्यटक त्या दिवसापुरते लोम्बोककडे, गिली बेटांवर जातात, ते तरी करा.

कांदेपोहे | १६ जानेवारी
२४ तास आवाज नाही, नेट नाही, गाड्या नाहीत. आमच्या सोसायटीत हा ठराव मांडता येईल का, मी सूचक, अनुमोदक शोधतोय.

मुग्धा_नाशिक | १६ जानेवारी
अनुमोदन!! 😀

पायवाट | १६ जानेवारी
निशाचर म्हणताहेत त्यातलं सगळं खरं आहे, पण त्यांना आदल्या दिवशी कळलं तिथेच घोळ झाला. आधी माहीत असलं की तो दिवस वेगळाच होतो. आणि केळफूल, तुमच्या होमस्टेवाल्या बाईंनी दोन महिने आधी सांगितलं आणि पैसे परत द्यायची तयारी दाखवली, अशा घरात डोळे मिटून राहावं.
चार नियम असतात. आग नाही (यात दिवेही आले), काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. पाळायला लावणारे पोलीस नसतात, गावचेच लोक असतात, पेचालांग म्हणतात त्यांना, कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकड्याचं वस्त्र. आजारी माणसाला, बाळंतिणीला सोडतात, दवाखाने चालू असतात, त्यामुळे सासूबाईंची काळजी नको.
पण एकटी न्येपी बघू नका, तो एका मोठ्या सणाचा शेवट आहे. तीन-चार दिवस आधी मेलास्ती, गावोगावचे लोक पांढऱ्या कपड्यात देवांना घेऊन समुद्रावर नाहीतर झऱ्यावर जातात, छत्र्या, चवऱ्या, झांजा. तुम्ही १८ ला पोचताय म्हणजे कदाचित मिळेल, होमस्टेत विचारा. मग आदल्या दिवशी दुपारी चौकात मोठी पूजा, भुताखेतांचा नैवेद्य. संध्याकाळी घरोघरी पलिते घेऊन, डबे-थाळ्या बडवत कोपरान् कोपरा फिरतात. आणि मग ओगोह-ओगोह. ते मी सांगत नाही, बघाच.

वऱ्हाडी_ठेचा | १७ जानेवारी
अरे सांग ना भाऊ, आम्ही काय बालीला जाणार हाओत काय!

पायवाट | १७ जानेवारी
बरं ऐक. प्रत्येक वस्तीची पोरं, म्हणजे आपल्या मंडळाची म्हण, महिना-दोन महिने खपून बांबू-कागदाचा राक्षस करतात. सुळे, बाहेर लोंबणारी जीभ, ही लांब नखं. दीड-दोन मजले उंच. बांबूच्या जाळीवर उभा करून पंचवीस-तीस जण खांद्यावर घेतात, पुढे ढोल-झांजांचा ताफा, आणि प्रत्येक चौकात तो राक्षस उलटा, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध दिशेने, तीनदा गरागरा फिरवतात. भुतं चक्रावून जावीत म्हणून. एक पोरगा लांब बांबू घेऊन पुढे असतो, विजेच्या तारा वर उचलायला. त्याला बघितलं आणि मला थेट आमच्या मंडळाची विसर्जन मिरवणूक आठवली, मी दहा वर्षं हेच काम करायचो. शेवटी स्मशानाकडे नेऊन जाळतात. आणि या सगळ्या दणदणाटानंतर सकाळी ६ ला बेट गप्प. का, तर भुतं परत आलीच तर त्यांना वाटावं इथे कोणी राहतच नाही, आणि ती निघून जावीत. मला तर ही कल्पना फार आवडली.

वऱ्हाडी_ठेचा | १७ जानेवारी
अबे हे तर आमची मारबत आहे! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी मारबत, पिवळी मारबत, आन् बडगे, असे मोठमोठे पुतळे. "ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत" म्हणत अख्खं शहर रस्त्यावर, आन् शेवटी जाळते. लहानपणी बाबाच्या खांद्यावर बसून बघितली आहे मी. केळफूल ताई, पोरीला ते नक्की दाखवा, जन्मभर ध्यानात राहते.

तळटीप | १७ जानेवारी
पाडवा आणि न्येपी एका दिवशी येणं हा योगायोग नाही. दोन्ही शक संवत्सराचे पहिले दिवस आहेत. इ.स. ७८ पासून मोजला जाणारा तोच शक. या २२ मार्चला आपल्याकडे शके १९४५ सुरू होईल, बालीतही १९४५च. समुद्रापार हजारो किलोमीटर, लिपी वेगळी, भाषा वेगळी, आणि वर्षाचा आकडा तोच. फरक एवढाच की ते अमावास्येला, म्हणजे आदल्याच दिवशी, आवाज करून घेतात आणि पहिला दिवस मौनात घालवतात, आपण पहिल्या दिवशी ताशा वाजवतो. दरवर्षी तारखा जुळतातच असं नाही, अधिक महिना घालायची त्यांची रीत वेगळी आहे. यंदा जुळल्यात. केळफूल, मी तुमच्या जागी असतो तर हा योग सोडला नसता.

केळफूल | १७ जानेवारी
तळटीप, हे मला माहीतच नव्हतं! सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मग त्यांच्याकडेही वर्ष सुरूच होतंय की." नवरा अजून निशाचरांच्या बाजूने आहे.

मुग्धा_नाशिक | १८ जानेवारी
आम्ही गेल्याच आठवड्यात परत आलो. ४ जानेवारीला गालुंगान होता तिथे. तो चांद्र नाही, त्यांचं दुसरं एक २१० दिवसांचं पंचांग आहे त्याप्रमाणे येतो, त्यामुळे वर्षात दोनदाही येऊ शकतो, पुढचा आता २ ऑगस्टला. त्या दहा दिवसांत पितर घरी येतात असं मानतात, दहाव्या दिवशी कुनिंगान, तेव्हा त्यांना निरोप. म्हणजे आपला पितृपक्षच, पण अगदी सणासारखा, नवे कपडे, पाहुणे, गोडधोड. (आणि डुकराचं मटण, शाकाहारी लोकांनी आधी विचारून घ्या.)
पण खरं सांगायचंय ते पेंजोरबद्दल. प्रत्येक घरापुढे एक उंच बांबू, शेंडा रस्त्यावर कमानीसारखा झुकलेला, त्याला माडाच्या कोवळ्या पिवळ्या झावळ्यांची नक्षी, भाताच्या लोंब्या, नारळ, फळं, खाली बांबूचं छोटं देवघर. आख्खा रस्ताच्या रस्ता दोन्ही बाजूंनी असा. माझा मुलगा म्हणाला आई गुढ्या! मी पण दोन मिनिटं तशीच उभी राहिले.
आमच्या ड्रायव्हरने आणखी एक सांगितलं, त्यांच्याकडे तुंपेक लांदेप नावाचा दिवस असतो, मुळात शस्त्रांचा, आता गाड्या, मोटरसायकली, यंत्रं धुऊन त्यांची पूजा करतात. मी म्हटलं दादा ही आमची खंडेनवमी. आणि सरस्वतीचा दिवसही आहे, पोथ्या-पुस्तकं पूजेला लावली की दुपारपर्यंत वाचायची नाहीत. आपण पाटीपूजन केलं की अभ्यास बंद, तसंच!

कांदेपोहे | १८ जानेवारी
अभ्यासाला सुट्टी हा भाग दोन्ही संस्कृतींनी नीट जपलेला दिसतोय.

माईसाहेब | १९ जानेवारी
जरा वेगळं लिहिते. सण बघायला जाणं आणि सणाला जाणं यात फरक आहे. मी ६३ वर्षांची आहे, पाच वर्षांपूर्वी बालीला ग्रुपबरोबर गेले होते. एका दुपारी आमच्या गाइडने उत्साहाने सांगितलं, आज नगाबेन आहे, बघायला चला. नगाबेन म्हणजे अंत्यसंस्कार. बैलाच्या आकाराची लाकडी पेटी, उंच मनोरा, सुंदर असतं सगळं. पण आमच्या ग्रुपमधले लोक चितेच्या पुढ्यात पाठ करून सेल्फी काढायला लागले. मला माझ्या आईचा दहावा आठवला. मी मागे जाऊन बसमध्ये बसले. तिकडची माणसं काही बोलत नाहीत, हसतमुख असतात, म्हणून आपण काहीही करावं का?

पायवाट | १९ जानेवारी
माई, सेल्फीबद्दल शंभर टक्के मान्य. पण एक सांगू? तिथे रडारड करत नाहीत, आत्म्याची वाट अडते म्हणतात. गर्दी जमलेली त्यांना आवडते. मला एका घरच्यांनी स्वतः हाक मारून बोलावलं, कमरेला पट्टा बांधून दिला, कॉफी दिली. मी फोटो काढला नाही. पण न जाणं हा अपमान झाला असता.

माईसाहेब | १९ जानेवारी
तुम्हाला घरच्यांनी बोलावलं, आम्हाला गाइडने नेलं. माझा मुद्दा एवढाच आहे.

दिवाडकार | २० जानेवारी
माईंच्या मुद्द्यावर लिहायलाच हवं. मी बेटावरचा माणूस, पण गोव्यातल्या. मांडवीतलं दिवाड. आमच्याकडे ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरां हा सण. पोर्तुगीज काळात वाड्यांच्या हद्दींवरून भांडणं व्हायची, हद्दीला निशाणं लावायची आणि समोरच्यांनी ती पाडायची, त्याची आठवण. नावही त्यांच्या निशाणासाठीच्या शब्दावरून आलेलं. पियेदाद गावात वाड्यावाड्यांची निशाणं घेऊन मिरवणूक, चित्ररथ, पोरांच्या हातात बांबूच्या फोटाशी, त्यात हिरवी फळं घालून उडवायची, फाट्ट् करून आवाज. आमचं बालपण त्या आवाजात गेलं.
आता शनिवारी जुन्या गोव्याच्या धक्क्यावर फेरीला ही रांग. येणाऱ्यांतले अर्धे दारू पिऊन येतात, कोणाच्या अंगणात गाडी लावतात, विहिरीच्या कठड्यावर बाटल्या ठेवून जातात. माझी मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी पोतं घेऊन त्या गोळा करते. ती ७० ची आहे. कोणाला दोष देत नाही, पण पाहुणा आला म्हणजे त्याने आधी घर कोणाचं ते बघावं. जो माणूस विचारतो की बाबा हे निशाण कुठल्या वाड्याचं, त्याला आम्ही जेवायला घरी नेतो. खरंच नेतो. पायी माणसाला फेरीचं तिकीटही नाही, या.
आणि मराठी मंडळींना सांगतो, सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडवर होतं. मोडलं गेलं तेव्हा लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेलं, आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. नार्व्याला सगळे जातात, बेटावर जुन्या जागेकडे कोणी येत नाही.

सह्यकडा | २० जानेवारी
दिवाडकार, शेजारच्या कुंभारजुव्याचा सांगोड राहिला की! गणपतीच्या सातव्या दिवशी दोन-दोन होड्या जोडून त्यावर देखावे, नदीतून मिरवणूक. मी काठावर उभा राहून बघितलाय, पावसात भिजत.

दिवाडकार | २० जानेवारी
हो हो, तो त्यांचा मान. त्यांनीच लिहावं म्हणून मी गप्प बसलो. 🙂

दर्यावर्दी | २१ जानेवारी
बेटांचा विषय निघालाच आहे तर मॉरिशस. नोकरीनिमित्त तीन वर्षं होतो. पहिल्या वर्षी गणपतीला घरची आठवण येऊन जीव कासावीस झाला, तर ऑफिसमधला एक जण म्हणाला आमच्याकडे चल. आडनाव आपलंच, कोकणातलं, पण बोलतो क्रिओल. यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात मुंबईहून जहाजाने मजूर म्हणून उसाच्या मळ्यांत गेलेले. घरात मूर्ती, मोदक, आणि रात्री अंगणात झाकरी! आमच्या रत्नागिरीकडे जाखडी म्हणतात तीच, ढोलकी, झांजा, गोल फेर. शब्द त्यांनाही पुरते कळत नव्हते, काही मलाही कळले नाहीत, पण चाल तीच. म्हाताऱ्या आजीने मला विचारलं, "गाव कंचा?" चार-पाच पिढ्यांनंतर हा प्रश्न तसाच्या तसा. मला उत्तर देता येईना, घसा दाटला.
गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. आणि महाशिवरात्रीला ग्रां बासां तळ्याकडे, त्याला गंगा तलाव म्हणतात, पांढऱ्या कपड्यात लाखो लोक पायी जातात, खांद्यावर सजवलेल्या कावडी. मी एक वर्ष चाललो. वाटेत लोक टेबलं मांडून पाणी, सरबत, खाणं देतात, धर्म कोणी विचारत नाही. पैसे काढले तर रागावतात. बघे म्हणून गेलो तर पाय दुखत नाहीत, पण काही हातीही लागत नाही.

निशाचर | २१ जानेवारी
दर्यावर्दी, छान लिहिलंत. पण तुम्हाला बोलवायला घर होतं. साध्या पर्यटकाला असं घर कुठून मिळणार? त्याला हॉटेलच मिळतं आणि हॉटेलात न्येपी म्हणजे बंद खोलीच. माझं मत अजून तेच आहे.

पायवाट | २१ जानेवारी
म्हणून तर केळफूल यांना म्हणतोय, तुम्हाला घर मिळालंय.

केळफूल | २४ जानेवारी
ठरलं, तारखा बदलत नाही. सगळ्यांचे मनापासून आभार, निशाचर तुमचेही, खाऊ, पत्ते, रंगपेटी सगळं बांधून नेते.
दोन प्रश्न. कपडे काय न्यावेत? आणि (बायकांना विचारते) देवळात पाळीचं काय?

मुग्धा_नाशिक | २४ जानेवारी
सारोंग आणि कमरेचा पट्टा लागतोच, पुरुषांनाही. देवळाबाहेर मिळतात पण सण असेल तर स्वतःचे घ्या, बाजारात स्वस्त आहेत. पाळी असेल तर आत जाऊ नये अशी पाटीच असते. मी घरी अजिबात पाळत नाही, पण तिथे पाळलं. दुसऱ्याचं देऊळ आहे.

पिंपळपान | २४ जानेवारी
मी नाही पाळलं आणि मला त्यात काही चुकीचं वाटत नाही. कोणाला कळणार आहे?

माईसाहेब | २५ जानेवारी
पिंपळपान, कळण्याचा प्रश्न नाही गं. ते फक्त बायकांना नाही, घरात कोणी गेलेलं असेल तर पुरुषांनाही जाऊ देत नाहीत, आपल्या सुतकासारखं. नियम पटत नसेल तर बाहेरून बघावं. मी मुलीला घरी हे सगळं बंद करायला लावलं, पण पाहुणी म्हणून गेले की वाद घालत नाही.

पिंपळपान | २५ जानेवारी
माई, तुमच्याशी सहमत नाही पण तुम्ही सांगता तेव्हा ऐकावंसं वाटतं. ❤️

केळफूल | २ एप्रिल २०२३
परत आलो. लिहायचं होतंच पण आल्यापासून लेकीची परीक्षा.
ओगोह-ओगोहबद्दल पायवाट यांनी लिहिलंय त्यात मी भर घालणार नाही, एवढंच की लहान मुलांचेही छोटे राक्षस असतात आणि होमस्टेच्या इबूंचा (इबू म्हणजे आई, सगळे तसंच हाक मारतात) नातू पलिता धरणार होता. त्याने माझ्या लेकीला दुसऱ्या बाजूला उभं केलं. तिच्या हातात बांबूचा पलिता, डोळे हे एवढे. तारा उचलणारा पोरगा मी शोधला, होता!
आता गुढी. २० तारखेला मी इबूंना भीत भीत विचारलं, आमचाही नवीन वर्षाचा दिवस आहे, अंगणात एक काठी उभारली तर चालेल का, दिवा लावणार नाही, काही बोलणार नाही. फोनवर गुढीचा फोटो दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "पेंजोर." आणि हसल्या. नातवाला काहीतरी सांगितलं, तो वस्तीच्या मांडवात पळाला आणि राक्षसाच्या जाळीतून उरलेला बांबू घेऊन आला. तुटलेल्या टोकाला लाल रंग लागलेला होता.
सासूबाईंनी घरून खण आणि गडू आणलाच होता, मला न सांगता, बॅगेच्या तळाशी, साखरेच्या गाठीसुद्धा. कडुनिंब कुठून आणायचा हा प्रश्न होता. पान दाखवायला फोनवर फोटो काढला तर इबूंनी हाताला धरून मागच्या भिंतीशी नेलं. झाड! ते त्याला इंतारान म्हणतात. सासूबाईंनी झाडाला हातच जोडले. काम करायचं नाही म्हणून पानं आदल्या दिवशीच काढली, गूळ, हरभऱ्याची डाळ, ओवा, हिंग घालून चटणी रात्रीच करून ठेवली.
२२ ला पहाटे उजाडायच्या आत उठलो. सासूबाई आणि मी, दोघीच. गाठ मारतानासुद्धा आवाज होऊ नये म्हणून त्या श्वास धरून होत्या. हार नव्हता, अंगणातला देवचाफा ओवला. निरांजन नाही, आरती नाही, घंटा नाही. त्या नुसत्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. नेहमी देवाशी मोठ्याने बोलणारी बाई. नंतर मला खुणेनेच म्हणाल्या, झालं.
इबू आल्या, आदल्या दिवशी विणून ठेवलेला एक चानांग, म्हणजे माडाच्या पानाची हातभर नाही, तळहाताएवढी चौकोनी परडी, गुढीच्या पायाशी ठेवला. त्यात पांढरी, लाल, पिवळी, निळी फुलं दिशेप्रमाणे मांडलेली, आणि मधे एक छोटीशी पुडी. सासूबाईंनी वाकून बघितलं. विड्याचं पान, सुपारी, चुना. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं ना!
दिवस लांब गेला, खोटं नाही बोलत. नवऱ्याला दुपारी चुळबूळ झाली, खोलीतल्या वायफायवर थोडंफार चालू होतं ते मी बंद करायला लावलं. लेक चित्रं काढत होती, मग झोपली, मग इबूंच्या नातवाबरोबर खुणांनी पत्ते. पण संध्याकाळी उजेड गेला तसा अंधार उतरला तो असा अंधार मी कोकणातल्या आजोळी लहानपणी बघितला होता, त्यानंतर नाही. एक दिवा नाही, एक गाडी नाही, डोक्यावर विमान नाही. कुत्री, बेडूक, आणि ती मोठी पाल ओरडते ना तिकडची, टोऽके, टोऽके. अमावास्या आदल्याच रात्री संपलेली, चंद्र जवळजवळ नाहीच, आणि वर चांदण्यांचा खच. लेकीने आयुष्यात पहिल्यांदा आकाशगंगा बघितली. कुजबुजत विचारलं, आई हे रोज असतं का? मी म्हटलं रोज असतं, आपण दिवे लावतो म्हणून दिसत नाही.
गुढी सूर्यास्ताला उतरवली, त्याच शांततेत.

पायवाट | २ एप्रिल
काही लिहायला सुचत नाही. बांबूचं टोक लाल होतं हे वाचून थांबलो.

वऱ्हाडी_ठेचा | २ एप्रिल
पोरीनं पलिता धरला! वाह ताई वाह!

निशाचर | ३ एप्रिल
मी तीन वेळा वाचलं. माझं २०१९ मध्ये चुकलं नाही असं मला अजून वाटतं, मला कोणी काही सांगितलंच नव्हतं. पण मला पडदा थोडा बाजूला करून आकाश बघायचं सुचलं नाही याचं आता वाईट वाटतंय.

माईसाहेब | ३ एप्रिल
केळफूल, तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

रानवारा | ५ फेब्रुवारी २०२४
धागा वर काढतोय. आम्ही दोघं ६ मार्चला बालीला चाललोय, उबुद. यंदा न्येपी ११ मार्चला दाखवतंय आणि पाडवा ९ एप्रिलला, वरती तर दोन्ही एकच म्हटलंय?

तळटीप | ५ फेब्रुवारी
आपल्याकडे गेल्या वर्षी अधिक श्रावण आला, त्यामुळे आपलं वर्ष तेरा महिन्यांचं झालं. त्यांच्याकडे गेल्या वर्षी अधिक महिना नव्हता. म्हणून ते एक चांद्रमास पुढे. शकाचा आकडा मात्र दोघांचा १९४६. पुढच्या वर्षी न्येपी २९ मार्च आणि पाडवा ३० मार्च, परत शेजारी.

मुग्धा_नाशिक | ५ फेब्रुवारी
रानवारा, तुमचं नशीब बघा! २८ फेब्रुवारीला गालुंगान आहे आणि ९ मार्चला कुनिंगान. पेंजोर पुढेही काही आठवडे उभे असतात, म्हणजे एकाच ट्रिपमध्ये पेंजोर, ओगोह-ओगोह आणि न्येपी. हातात रोख ठेवा, न्येपीला एटीएम पण बंद. आणि १४ फेब्रुवारीपासून परदेशी पर्यटकांना दीड लाख रुपियांचा कर लागणार आहे, आकडा बघून घाबरू नका, आपले आठशेच्या आसपास होतात.

केळफूल | ६ फेब्रुवारी
रानवारा, उबुदलाच चाललाय तर एक विनंती करू का? सासूबाईंनी इबूंसाठी एक खण शिवून घेतलाय, पेंजोरला बांधायला म्हणतात. वजन शंभर ग्रॅमही नाही. न्याल का?

रानवारा | ६ फेब्रुवारी
नेतो की. तुमचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रविवारी येऊन घेऊन जातो. आणि त्या होमस्टेत खोली आहे का तेही विचारा.

केळफूल | ६ फेब्रुवारी
विचारलं, आहे. पण त्यांनी सांगितलंय की ११ तारखेला घराबाहेर पडता येणार नाही, मान्य असेल तरच. 🙂